तीनपाशी भोक

लातूर, २४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास पुनमचा नमस्कार.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. होस्टेलवर आमचे फोन कपाटात कुलूपबंद असतात. रविवारी पंधरा मिनिटं मिळतात, तीही रेक्टर मॅडमसमोर, स्पीकर चालू ठेवून. त्यात अण्णा "जेवलीस का, अभ्यास कर" एवढं बोलेपर्यंत वेळ संपतो.

दोनदा रिपीट करूनही नीटला नंबर लागला नाही, म्हणून अण्णांनी मला बी. फार्मसीला घातलं. राहायला मात्र त्याच होस्टेलवर ठेवलं, रिपीटर पोरींमध्ये. इथं शिस्त आहे म्हणतात. माझ्या खिडकीला जाळी आहे आणि जाळीपलीकडे डाळ मिलची भिंत. ही भिंत मी तिसरं वर्ष बघते आहे. कुठल्या विटेला चीर आहे ते मला पाठ आहे.

अण्णांची अट अशी: पहिल्या सेमिस्टरला एक जरी विषय राहिला तर जूनमध्ये फार्मसी बंद आणि पुन्हा रिपीटर बॅच. आत्या, तिसऱ्यांदा ते माझ्याच्यानं होणार नाही. शेजारच्या खाटेवरची मुलगी झोपेत पर्याय बोलते. ए, सी, सी, डी. मीही बोलत असेन, मला कोण सांगणार?

बाकीचे विषय निघतील, एक राहील. बायोलॉजीवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथेमॅटिक्स असतं. अकरावी-बारावीचं सगळं गणित चार महिन्यांत उरकतात. सर फळ्याकडे तोंड करून म्हणतात, "हे तुम्हाला येतंच." मला येत नाही. पत्रातून शिकवाल का?

दहावीनंतर तुम्हीच अण्णांना म्हणाला होता, हिच्या डोक्यात गणित बसायचं नाही. ते खरं असेल तर तसंही लिहा.

तुमची,
पुनम


नांदेड, ३० नोव्हेंबर २०२४

चि. पुनम,

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. पाकीट बंद करण्याआधी वाचत जा.

मी तसं म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हटलं असेन तर त्यावर वेळ घालवू नकोस, तुझ्याकडे तो नाही.

निवृत्त होऊन मला सात वर्षं झाली, पण अपूर्णांक निवृत्त होत नाहीत. शिकवते. नियम माझे. रोज दहा गणितं. खोडरबर वापरायचा नाही. चुकलं तर आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा करायचं. तुझी बरोबर उत्तरं मला नकोत, ती पुस्तकाच्या मागं छापलेली असतात. चुका पाठव.

सुरुवात लॉगपासून. लॉग म्हणजे एक प्रश्न आहे. दहाचा कितवा घात घेतला की हजार होतात? तिसरा. म्हणून हजाराचा लॉग तीन. यापेक्षा त्यात जास्त काही नाही. पोरी नाव ऐकूनच घाबरतात. सोबत वीस गणितं लिहिली आहेत.

भाकरी खात जा. गणित उपाशीपोटी होत नाही.

आत्या


लातूर, १४ डिसेंबर २०२४

ती. आत्यास नमस्कार.

वीसही गणितं केली. चुकलेली सोबत आहेत. गणिताची सेशनल, म्हणजे सत्रामधली परीक्षा, बरी गेली.

वर्गात उमैमा नावाची मैत्रीण झाली आहे. ती बारावीला गणित ग्रुपची, त्यामुळे तिला उलट रेमेडियल बायोलॉजी आहे. मी तिला पेशी शिकवते, ती मला लॉग. तिचे वडील मुज्तबाचाचा घड्याळं दुरुस्त करतात. आम्ही बसतो त्या खोलीत भिंतीवर अकरा घड्याळं आहेत आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. मी लॉग चुकवला की उमैमा कपाळाला हात लावते. "अगे पुनम, जोड का लॉग ऐसा तोडते क्या? चपाती है क्या वो?"

तिची अम्मी रजियाचाची मध्येच येऊन विचारते, "बेटा, कुछ खाई क्या?" गेल्या दोन वर्षांत लातुरात मला असं कुणी विचारलं नव्हतं.

पुनम


नांदेड, १९ डिसेंबर २०२४

चि. पुनम,

"बरी" हा गुण नाही. किती मिळाले ते लिही.

तुझी सात गणितं चुकली, पण चूक एकच आहे. बेरजेचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज नव्हे. गुणाकाराच्या लॉगची बेरीज होते. उमैमाचं चपातीचं म्हणणं बरोबर आहे, लक्षात ठेव. मी तेहतीस वर्षं हेच सांगितलं, पण इतक्या कमी शब्दांत कधी जमलं नाही. सोबत आणखी चाळीस गणितं आहेत.

आता दुसरी गोष्ट. तुमचं फाटक साडेपाचला बंद होतं आणि नंतर कुणाला सोडत नाहीत, असं आदिनाथ, तुझा बाप, मोठ्या कौतुकानं सांगत होता. मग तू घड्याळवाल्यांच्या घरी बसतेस केव्हा?

आत्या


लातूर, ३ जानेवारी २०२५

ती. आत्यास नमस्कार.

दहापैकी दोन.

तुम्ही हसाल किंवा रागवाल म्हणून लिहिलं नव्हतं. वर्गात सरांनी गुण मोठ्यानं वाचले. माझ्या मागं बसलेला मृत्युंजय म्हणाला, "दोन तर दोन, शून्याचा लॉग निघत नाही, दोनाचा तर निघतो ना?" सगळे हसले. मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. पण त्यानंतर तुमची चाळीस गणितं केली. आता लॉग चुकत नाही.

एक सांगायचं राहिलं. माझी पत्रं मी कॉलेजमधून टाकते, पण या आठवड्यापासून आमची आलेली पत्रं रेक्टर मॅडम आधी फोडून वाचतात. त्यांचं नाव साखराबाई आहे. नावातली साखर जिभेवर काही उतरलेली नाही.

आता लिमिट चालू झालं. सर म्हणतात, क्ष तीनकडे जातो पण तीन होत नाही. जायचं तर पोचायचं का नाही? मला काहीच कळलं नाही. नीट फोड करून लिहा.

पुनम


नांदेड, १० जानेवारी २०२५

चि. पुनम,

दोन हा आकडा आहे, शिवी नाही. पुढे चल. माझ्या प्रश्नाचं उत्तर तू टाळलंस, ते मी लक्षात ठेवलं आहे.

सर लिमिट म्हणतात, आम्ही सीमा म्हणायचो. क्ष वर्ग वजा नऊ, भागिले क्ष वजा तीन. क्षच्या जागी तीन ठेवलेस तर शून्य भागिले शून्य येतं. म्हणजे तीनपाशी भोक आहे. तिथं थेट पाऊल टाकायचं नाही. पण जवळ जायला कुणी अडवलेलं नाही. आधी डावीकडून जा. दोन पूर्णांक नऊ, मग दोन पूर्णांक नव्याण्णव. काय मिळतं ते बघ. मग उजवीकडून ये. दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी आलीस की सीमा सापडली. एकीकडून एक आणि दुसरीकडून भलतंच आलं, तर सीमा नाही असं बेधडक सांगून मोकळी हो.

भोक दिसलं म्हणून घाबरून मागं फिरू नकोस. सहापर्यंत पोचलीस की मला कळव.

आत्या


मुदखेड, २० जानेवारी २०२५

अक्का, नमस्कार.

मी कधी पत्र लिवत न्हाई. पण फोनवर पुन्हा माझा आवाज चढला असता, म्हणून लिवतो.

तू शिकलेली बाई. आपल्या घरात पहिली एम. एस्सी. आन् तू पोरीला भिंतीतून पळायच्या वाटा लिवून राहिलीस? रेक्टर मॅडमनं तुझं पत्र मला फोनवर वाचून दाखवलं. डावीकडून जा, उजवीकडून ये, भोकाला घाबरू नको, सहाला पोच. मॅडम म्हणल्या, ही सीमा कोण हाय ते बी शोधून राहिलो.

तू फोनवर म्हणलीस ते गणित हाय. असंल गणित. पण भोक तर निघालं ना भिंतीत? त्याच्यावर तू गप बसलीस.

मी तीस वर्षं मुदखेड जंक्शनला सांधेवाला हाय. चुकीचा सांधा लागला की गाडी कुठं जाती ते मला ठावं हाय. आता पोरीला पत्र बंद, रविवारचा फोन बंद. कॉलेज सुटलं की भुजंग वॉचमन तिला आणायला जाणार. परीक्षा देऊ दे. एक विषय राहिला की जूनला मी स्वतः तिला रिपीटर बॅचला बसवून येतो.

मी तिचं वाईट करून राहिलो का? पोरगी डॉक्टर व्हावी, एवढंच.

तुझा भाऊ,
आदिनाथ


लातूर, २३ जानेवारी २०२५

ती. आत्यास नमस्कार.

पाकिटावर उमैमाचं अक्षर आहे. आता उत्तर तिच्याच पत्त्यावर टाका.

तुम्ही विचारलं होतं, मी केव्हा बसते. होस्टेलच्या मागच्या भिंतीला भोक होतं. निंबाच्या झाडाआड, चार विटांचं. तिथून बाहेर पडलं की तिसऱ्याच घरात उमैमा राहते. मी रोज संध्याकाळी तासभर जायचे आणि हजेरीच्या आत परत यायचे. तुम्हाला हे लिहिलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं.

तुमचं पत्र मॅडमनी तीनदा वाचलं. मग मला बोलावलं. "तीनपाशी भोक म्हणजे कुठं?"

"मॅडम, ते गणित आहे."

"गणितात भोक असतं का? मला शिकवतेस?"

आधी त्या तीन नंबरच्या पाण्याच्या टाकीपाशी गेल्या. तिथं काही नव्हतं. मग तुमच्या पत्रात लिहिलंय तसंच, भुजंगमामा डावीकडून आणि मॅडम उजवीकडून भिंत तपासत निघाले. दोघं निंबाच्या झाडापाशी येऊन एकमेकांसमोर थांबले. आत्या, मला तेव्हा लिमिट कळलं. खरंच कळलं. मी हसले, आणि त्या हसण्यानंच सगळं बिघडलं.

दुपारपर्यंत गवंड्यानं भोक बुजवलं. ओल्या सिमेंटवर काचा लावल्या. आता साडेपाच ते सकाळी नऊ मी खोलीत असते. भुजंगमामा कॉलेजच्या फाटकाशी उभे असतात आणि माझ्या चार पावलं मागं चालतात. मुली मला "सीमा" म्हणून हाक मारतात. परीक्षेला पाच आठवडे आहेत. आज एकही गणित केलं नाही. जाळीतून भिंत बघत बसले.

पुनम


नांदेड, २९ जानेवारी २०२५

चि. पुनम,

भोक मी बुजवलं. नकळत, पण मीच. पाकीट दुसरीच बाई फोडते हे तू कळवलं होतंस. तरी मी माझ्या ऐटीत लिहीत राहिले.

आणखी एक गोष्ट लिहिते. मी तुला पहिल्याच पत्रात खोटं लिहिलं. मला सगळं आठवतं. दहावीच्या सुट्टीत तू माझ्याकडे राहिली होतीस. ऋण गुणिले ऋण धन का, असं तू चार वेळा विचारलंस. चौथ्यांदा मी पुस्तक मिटलं आणि आदिनाथला फोन करून ते वाक्य बोलले. तुला तेव्हा विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला जायचं होतं. माझ्या शब्दावर त्यानं तुझं गणित काढून टाकलं.

पुस्तक का मिटलं ते ऐक. नियम मला पाठ होता. पण तुझ्यासारख्या मुलीला पटेल असं कारण त्या दिवशी सुचेना, आणि ते कबूल करायची लाज वाटली. हजारो मुलींना मी गणितं सोडवायला शिकवली. तुझं मात्र गणितच सोडवलं.

कारण आता घे. ऋण एक गुणिले तीन, ऋण तीन. गुणिले दोन, ऋण दोन. गुणिले एक, ऋण एक. गुणिले शून्य, शून्य. प्रत्येक पायरीला उत्तर एकानं वर चढतं. पुढची पायरी ऋण एक गुणिले ऋण एक. चढण मध्येच थांबेल कशाला? तू विचारलं होतंस ते बरोबर विचारलं होतंस.

आता रडणं बंद. कॉलेजात मधली सुट्टी चाळीस मिनिटांची असते. भुजंग फाटकाबाहेर असतो, आत नाही. त्या चाळीस मिनिटांत उमैमाबरोबर बस. डबा खाताखाता. साडेपाचनंतर खोलीतच असतेस ना? मग एकटीनं करायचं गणित तेव्हा कर. सोबत साठ गणितं आहेत. उमैमाला आशीर्वाद सांग, आणि तिला बायोलॉजी नीट शिकव. उसनं ठेवू नये.

आत्या


लातूर, ८ मार्च २०२५

ती. आत्यास नमस्कार.

पेपर झाला. पस्तीसपैकी तीस गुणांचं लिहिलं आणि ते सगळं बरोबर असावं. एका आंशिक अपूर्णांकात खालचे अवयव पाडताना चुकले. आडवी रेघ मारली, खाली पुन्हा केलं, जागा संपली म्हणून पुरवणी मागितली. परीक्षेच्या बाई म्हणाल्या, "पुरवणी कशाला, खोडून लिही ना." मी म्हटलं, "आमच्यात खोडत नाहीत."

दुसऱ्या सेशनलला दहापैकी नऊ मिळाले. मृत्युंजय माझ्याकडे वही मागायला आला होता. दिली.

निकाल लागेपर्यंत काय करायचं? गणित नसलं की खोली आणखी लहान वाटते.

पुनम


लातूर, १२ एप्रिल २०२५

ती. आत्यास नमस्कार.

सगळे विषय निघाले. रेमेडियल मॅथेमॅटिक्समध्ये पन्नासपैकी त्रेचाळीस. बायोलॉजीवाल्यांत दुसरी आले. उमैमालाही बायोलॉजीत चाळीस पडले. रजियाचाचीनं शीरखुर्मा करून कॉलेजात पाठवला.

मॅडमनी मला फोन काढून दिला. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "त्रेचाळीस? गणितात?" मला वाटलं, आता शाबास म्हणतील.

म्हणाले, "म्हंजे डोकं हाय. डोकं असून फार्मसीत कशाला सडायचं? जूनला बॅच लावतो. ह्या टायमाला तू डॉक्टर झालीच म्हणून समज."

आत्या, नापास झाले असते तरी बॅच, आणि पास झाले तरी बॅच. मग मी एवढं कशासाठी केलं? मी म्हटलं, "अण्णा, तुमची अट होती." ते म्हणाले, "अट तुझ्या भल्यासाठी व्हती. हे बी तुझ्या भल्यासाठीच हाय." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या सेमिस्टरचा फॉर्म पंचवीस तारखेपर्यंत भरायचा आहे. त्यावर पालकाची सही लागते. अण्णा करणार नाहीत. फॉर्म माझ्या उशीखाली आहे. काल मी अण्णांची सही काढून बघितली, वहीत. हुबेहूब आली. मला माझीच भीती वाटली.

पुनम


नांदेड, १७ एप्रिल २०२५

चि. पुनम,

त्रेचाळीस चांगले आहेत. सात कुठं गेले ते नंतर बघू.

वहीतलं ते पान फाडून टाक. दुसऱ्याची सही काढणाऱ्या हातानं उद्या औषधाच्या पुड्या बांधायच्या नाहीत.

कॉलेजात मी फोन करून विचारलं. वडील हजर नसतील तर जवळच्या नातेवाइकाची सही चालते, ओळखपत्र लागतं. मंगळवारी सकाळच्या एसटीनं निघते, बारापर्यंत पोचेन. तुमच्या साखराबाईंनाही भेटायचं आहे. सीमा म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगेन, वेळ लागला तरी चालेल. मेपासून तू घड्याळवाल्यांच्या वरच्या खोलीत राहशील. रजियाबाईंशी माझं बोलणं झालं आहे. फोनवर त्यांनी आधी मलाच विचारलं, जेवलात का म्हणून.

आदिनाथला वेगळं पत्र टाकलं आहे. दोनच वाक्यं आहेत. तो माझ्याशी बोलायचं सोडेल. सोडू दे. तुझ्याबाबतीत एकदा माझं ऐकून त्यानं चूक केली. आता न ऐकून करू नये, एवढंच मला वाटतं.

आत्या


मुदखेड, २६ एप्रिल २०२५

अक्का, नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. "अट तू घातलीस. पोरीनं पाळली." मी ते ड्युटीवर खिशात घेऊन फिरलो. दोन दिवस. निवृत्ती नावाचा माझा जोडीदार हाय, त्यानं विचारलं, कुणाची बदली आली का? मी म्हणलं, माझीच.

परवा, चोवीस तारखेला, रजा टाकून लातूरला गेलो. कुणाला सांगितलं न्हाई. नवा पेन घेतला. कॉलेजच्या खिडकीवर बाईला म्हणलं, पुनमच्या फॉर्मवर सही करायला आलो. तिनं गठ्ठ्यातून फॉर्म काढला. पालक म्हणून तुझी सही व्हती. महामाया, खाली नातं आत्या. बाई म्हणली, तुम्ही कोण? मी म्हणलं, बाप. ती म्हणली, मग रकाना भरलाय.

पोरगी झाडाखाली त्या मैत्रिणीसंगं उभी व्हती. हसून राहिली व्हती. तोंड उघडून, हात हालवून, लहानपणी हसायची तसं. मी दोन वर्षं दर महिन्याला भेटायला जायचो, मला ते हसू दिसलं न्हाई. हाक मारावी वाटली. पण मला बघून ते थांबलं असतं. मी तसाच मागच्या फाटकानं भाईर पडलो.

ती डॉक्टर व्हावी असं मला अजून वाटतं, अक्का. ते काही एका दिवसात जाणार न्हाई. तिला सांगू नको मी आलतो म्हणून.

पुढच्या सेमिस्टरला तेवढा रकाना मोकळा ठेव. मी येईन. शेवटच्या तारखेपर्यंत आलो न्हाई, तर भर.

तुझा भाऊ,
आदिनाथ